काचबिंदूची तारीख आणि हजेरीचा दिवस

माझ्या नकाराचे कौतुक होत असे. तंजावूरच्या महसूल कचेरीत माझ्याइतक्या सौम्यपणे ‘नाही’ म्हणणारा दुसरा कारकून नव्हता. मी आधी खुर्ची देई, मग पाणी विचारी आणि मगच नियम सांगी. माणसे रिकाम्या हाताने, पण आभार मानून परतत. बहुधा या गुणामुळेच श्रीलंकेतून आलेल्या निर्वासितांच्या, शहराबाहेरील छावणीची हजेरी माझ्याकडे सोपवण्यात आली.

हजेरी महिन्यातून एकदा असे. मी नाव पुकारायचे, त्या माणसाने समोर येऊन उभे राहायचे. जो दिसला नाही त्याचे नाव यादीतून उतरे आणि नावापाठोपाठ शिधाही. कित्येक वर्षांपूर्वी नावेतून उतरलेली माणसे अजून जागेवर आहेत, एवढी खात्री सरकार माझ्या डोळ्यांनी करून घेत असे.

एका हजेरीला सत्तरीची एक म्हातारी टेबलाशी उभी असताना मला घरून फोन आला. पत्नीला कढीपत्ता हवा होता. फोन ठेवताच म्हातारीने विचारले, “ही कुठली भाषा, तंबी?” धाकट्या भावाला विचारावे तसे.

“मराठी, अम्मा. आमची घरची.”

“म्हणजे तुम्हीही बाहेरचे?”

“तीनशे वर्षं झाली. राजांबरोबर आलो.”

“मग तुमची हजेरी कधी बंद झाली?”

रांग हसली. मीही हसलो; अशा हसण्याने अधिकारी मोठ्या मनाचा दिसतो.

तेवढ्यात तिच्या मुलीने सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी पुढे केली. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख नेमकी पुढच्या हजेरीच्या दिवशी होती.

“त्या दिवशी अम्माला सोडा, सार.”

मी मुलीला खुर्ची दिली. “त्या दिवशी त्या दाखल असतील, असं रुग्णालयाचं पत्र आणा.”

रुग्णालयातील कारकुनाने सांगितले, दाखल होण्याची परवानगी आहे, असे छावणीचे पत्र आणा. आम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो. त्याच्या पत्राला माझे पत्र हवे होते आणि माझ्या पत्राला त्याचे.

शेवटी मी एक माणुसकीचा तोडगा काढला. म्हातारीचे नाव सर्वांत आधी पुकारायचे, म्हणजे तिला सकाळची बस मिळेल. त्या तोडग्यावर मी इतका खूश होतो की घरीही तो सांगितला. हजेरीच्या दिवशी मात्र साहेबांची जीप उशिरा निघाली, आणि जीपमध्ये मी होतो. शब्द दिल्याप्रमाणे मी तिचे नाव पहिले पुकारले. ती रुग्णालयात पोचली तेव्हा त्या दिवसाची यादी पुढे सरकली होती. नवी तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली. तोवर उजव्या डोळ्यात वाचवण्यासारखे काही उरले नव्हते. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, असे डॉक्टरांनी मुलीला सांगितले.

मनाला आधार मिळावा म्हणून मी नियमाची फाइल काढली. रुग्णालयात असलेल्या व्यक्तीस गैरहजर धरू नये. रुग्णालयाची चिठ्ठी पुरेशी मानावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मी तो नियम कधी वाचलाच नव्हता. वेगळे पत्र लागते, असे माझ्याआधीच्या कारकुनाने मला तोंडी सांगितले होते, आणि त्यालाही कुणीतरी तोंडीच.

हजेरी नसलेल्या एका दुपारी मी छावणीत गेलो. मुलगी दारात तांदूळ निवडत होती, म्हातारी शेजारी बसली होती. मी सगळे सांगितले. सवयीने आवाज मृदू ठेवला, आणि त्याची मला पहिल्यांदाच लाज वाटली.

“म्हणजे त्या दिवशी मी तुमच्यासमोर उभी राहिले नसते, तरी चाललं असतं?” म्हातारीने विचारले.

“हो, अम्मा.”

मुलीने सूप खाली ठेवले. “डाव्या डोळ्याची तारीख तुमच्या हजेरीच्या आदल्या दिवशी आहे. दोन दिवस ठेवून घेणार आहेत.”

“खुशाल जा. मी सांभाळतो.”

“तोंडी नको, सार. लिहून द्या.”

मी लिहून दिले. तिने ते दोनदा वाचले. “नियमाचा नंबर घाला.” मी घातला. “आता आणखी एक प्रत.”

“ती कशाला?”

“तुमची बदली झाली तर येणाऱ्यासाठी.”

मी दुसरा कागद घेतला.