रुमालमामाची खिडकी

आमच्या रुमालमामाने रुमालाने कधी तोंड पुसलं नाही. शिंक आली तर सदऱ्याची बाही, घाम आला तर टोपी, हात ओले झाले तर धोतराचा सोगा. रुमाल मात्र खिशात घडी घातलेला, राखीव. त्याच्या मते देवाने रुमाल निर्माण केला तो एसटीत जागा धरायला. नाशिकच्या सीबीएस स्टँडवर गाडी फलाटाला लागतेय न लागतेय तोच मामाचा रुमाल गर्दीच्या डोक्यांवरून उडत जाऊन खिडकीजवळच्या सीटवर पडलेला असायचा. रुमाल आधी आला आणि गाडी मागून आली, असंही मी पाहिलंय. खोटं वाटत असेल तर कळवण गाडीच्या जुन्या कंडक्टरांना विचारा. तेही हेच सांगतील, कारण त्यांना ते मीच सांगितलंय.

मखमलाबादच्या अंगाला त्याचा झेंडू-शेवंतीचा मळा होता. रोज फुलं हाताळून रुमालाला कायमची पिवळी झाक आलेली आणि झेंडूचा असा उग्र वास, की परक्या माणसाने तो उचलून बाजूला केला तर दिवाळीपर्यंत त्याच्या हाताला दसरा चिकटून राहावा. पण मामा कधी भांडला नाही. तो नुसता शेजारी उभा राहून हळू आवाजात म्हणायचा, "पाव्हणं, रुमाल टाकला म्हंजी माणूस बसला." पुढं बोलायचं कामच नसे. देवळ्याचा एक कांदाव्यापारी होता, जो एकटा दीड सीट अडवायचा. तो हा रुमाल बघून चांदवडपर्यंत उभा गेला आणि उतरताना रुमालाला नमस्कार करून उतरला.

लग्नाच्या पंगतीत मामा पाटावर रुमाल टाके. न्हाव्याच्या खुर्चीवर टाके. एकदा जूनमध्ये तो गावच्या शाळेत गेला आणि पहिल्या बाकावर रुमाल ठेवून मास्तरांना म्हणाला, "आमची शेवू येणार हाय, गुर्जी. जरा दुखणाईत हाय म्हणून उशीर." मास्तर भले होते. त्यांनी ती जागा बरेच दिवस कुणाला दिली नाही.

शेवू म्हणजे शेवंती, मामाची एकुलती एक मुलगी. फार वर्षं वाट बघायला लावून आली आणि काळजाला भोक घेऊन आली. मळ्याच्या बांधावरून विहिरीपर्यंत चालली तरी ओठ जांभळे व्हायचे, मग मामा तिला उचलून घ्यायचा. अंगाने वाढलीच नाही. सहा वर्षांची झाली तरी तिनाची दिसे. बोलणं मात्र साठ वर्षांच्या बाईचं. मामाने वय खरं सांगून हाफ तिकीट मागितलं, की कंडक्टर तिच्याकडे बघून हसायचा आणि म्हणायचा, राहू द्या, घ्या मांडीवर. दुसरा बाप खूश झाला असता. इथे शेवू रुसून बसे. तिला स्वतःचं तिकीट पाहिजे होतं, आणि स्वतःची जागा. "दादा, मी काय पिशवी हाय का मांडीवर ठेवायला?" असं तिने एकदा भर गाडीत विचारलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या लोकांनी आपापल्या पिशव्या खाली ठेवल्या.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातून ऑपरेशनची तारीख आली. इंग्रजी वाचणारा माणूस हवा म्हणून मला बरोबर घेतलं. मी तेव्हा नुकताच कारकून झालो होतो आणि इंग्रजी वाचतो अशी अफवा मीच उठवली होती. मुंबईच्या कडेला पाळण्यांची, घसरगुंड्यांची एक भली मोठी बाग नव्याने निघाली होती. तिथे आगगाडी आहे, एकेक माणूस बसेल अशा सीटांची, हे शेवूने कुणाकडून तरी ऐकलं होतं. मामा हट्टाला पेटला, की दवाखान्यात भरती व्हायच्या आधी बागेत जायचं.

मामी म्हणाली, "अहो, आधी तिचं बरं होऊ द्या. मग पाळणे कुठं पळून चाललेत?"

मामाने रुमालाची घडी उलगडून पुन्हा घातली. मग म्हणाला, "पाळणे नाय पळत." एवढंच. मामीने पदर तोंडाला लावला आणि दशम्या बांधायला उठली. आम्ही तिघंही मोठी माणसं कशाला भितो, ते त्या तीन शब्दांत सांगून झालं होतं.

बागेच्या दारात भिंतीवर एक लाल रेघ होती. रेघेच्या खालची पोरं फुकट, वरची तिकिटाची. सगळी मुंबई तिथे आपली पोरं बुटकी करत होती. कुणी पोराला गुडघे वाकवायला लावलेले, कुणी मान खाली घालायला. एका बाईने तर मिसरूड फुटलेला मुलगा कडेवर घेतला होता. आणि त्या रांगेत आमचा मामा शेवूच्या पायाखाली स्वतःची वहाण सरकवत होता, तिचे केस बोटांनी वर उभे करत होता, कानात सांगत होता, "टाचा उचल, बाय. अजून थोड्या." तरी रेघ वितभर वरच राहिली.

दारावरचा माणूस म्हणाला, फुकट आहे, जा आत. मामाने टोपी काढून हातात घेतली. "साहेब, पोरगी सहा वर्षांची हाय. दुखण्यानं खुरटली. तिकीट फाडा." त्या माणसाने आजवर तिकीट चुकवणारे पाहिले होते, हे प्रकरण त्याला नवं होतं. तो मामाकडे बघत राहिला, मग शेवूच्या ओठांकडे बघितलं, आणि तिकीट फाडून तिच्या हातात दिलं. तिने ते मुठीत असं धरलं, की दिवसभर एकाच हाताने जेवली, एकाच हाताने पाणी प्यायली.

तिला हिसका बसता कामा नये अशी डॉक्टरांची ताकीद होती, म्हणून मोठे पाळणे बंद. उरली ती आगगाडी. शिट्टी झाली, गाडी वळणावरून येताना दिसली, आणि मामाच्या अंगात सीबीएस संचारलं. कठडा, रांग, शिस्त, काही न बघता त्याने रुमाल फेकला. रुमाल सुंदर गेला. पुढच्या डब्यात, कडेच्या सीटवर बरोबर बसला. पण आमचा नंबर यायच्या आतच डबे भरले, साखळी लागली आणि गाडी सुटली. गंमत ऐका: ती गच्च भरली होती, एका बापाने दोन पोरं एका जागेवर कोंबली होती, तरी रुमालाच्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. सगळी एसटीत वाढलेली माणसं. गाडी रुमालाला घेऊन आख्खी फेरी मारून आली. बोगद्यातून गेली, पुलावरून गेली, आणि रुमाल आपला ऐटीत, खिडकीला.

शेवू एवढी हसली, की मामीने घाबरून तिच्या छातीवर हात ठेवला.

पुढच्या फेरीला ती त्या जागेवर बसली. मोठ्यांना आत बसायची मुभा नव्हती. मामा कठड्याच्या बाहेरून गाडीबरोबर चालू लागला, तशी ती म्हणाली, "दादा, तुम्ही थांबा. मी येते जाऊन." मग तिने आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पुढे बघत, तिकीट मुठीत धरून, नोकरीवर निघालेल्या बाईसारखी गेली.

दवाखान्यात तिला खिडकीजवळची खाट मिळाली. ऑपरेशनला आत न्यायला आले तेव्हा तिनेच रुमालाची आठवण केली. मामाने उशीवर रुमाल ठेवला. सिस्टर म्हणाली, मामा, हे इथे ठेवता येत नाही. मामा म्हणाला, "जागा धरलीय, बाई. परत हितंच यायचंय तिला." सिस्टरने मग तो हलवला नाही.

दिवस कलला तेव्हा डॉक्टर बाहेर आले. त्यांनी माझ्याशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. मामाचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. त्यांच्या मागून तीच सिस्टर येत होती, आणि तिच्या हातात घडी केलेला रुमाल होता. मला काही सांगावं लागलं नाही.

सगळं मुंबईतच उरकलं. परतीच्या गाडीला गर्दी बेताची होती, रुमाल टाकायची गरज नव्हती. तरी मामाने आत जाऊन खिडकीजवळच्या सीटवर तो पसरला आणि स्वतः शेजारी बसला. मामी पुढच्या बाकावर डोळे मिटून. मी मामाच्या मागे. कंडक्टर आला.

"इथं कोण आहे?"

"पोरगी."

"केवढी?"

"सहा पुरी."

कंडक्टरला वाटलं, खाली गेली असेल, येईल. त्याने हाफ तिकीट टिचकवून दिलं. पहिल्यांदाच कुणी तिला मांडीवर घ्या म्हणालं नाही. मामाने तिकीट रुमालावर ठेवलं.

घाट चढून गाडी इगतपुरीला थांबली आणि बाजाराची माणसं आत घुसली. पाटीवाले, कोंबडीवाले, गाडी फुटते की काय अशी दाटी. त्या रेट्यात एक बाई मामापाशी येऊन उभी राहिली, कडेवर झोपेला आलेलं पोर. तिने रिकाम्या सीटकडे पाहिलं, रुमाल पाहिला आणि वरची दांडी धरली. जवळ उभ्या सगळ्यांनी रुमाल पाहिला. कुणी हात लावला नाही.

गाडी घोटीच्या पुढे आली तरी मामा तसाच. मग त्या पोराची मान आईच्या खांद्यावरून घसरली, आणि मामा उठला. रुमाल उचलला. तिकीट खिशात घातलं.

"बसा, बाई," तो म्हणाला. "आमची उतरली."

आणि नाशिक येईपर्यंत तो दांडीला धरून उभा राहिला, त्या पिवळ्या रुमालात तोंड झाकून.