बंदच्या वर्षाची डायरी

सिडकोतल्या डायरीवाल्या बाई चहासाठीसुद्धा डायरीत वेळ लिहून ठेवायच्या. 'चार ते साडेचार – चहा आणि कडुलिंब बघणे.' मी ओट्यापाशी संध्याकाळच्या पोळ्या लाटत असायचे आणि त्या खिडकीशी बसून झाडाकडं बघत असायच्या. पानांची सावली त्यांच्या पांढऱ्या केसांवर हलायची. कुणाचा फोन आला तर म्हणायच्या, "अर्ध्या तासानं करा, आत्ता मी कामात आहे."

सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. घरात एकट्याच. करायचं काम पेन्सिलीनं लिहायचं आणि झालं की वरून शाईनं गिरवायचं, ही त्यांची पद्धत. राहिलेलं काम खोडायच्या नाहीत, दुसऱ्या दिवशीच्या पानावर पुन्हा लिहायच्या. "राहिलं म्हणजे गेलं असं नसतं, सुमन." फक्त नळाच्या पाण्यापुढं प्रश्नचिन्ह असायचं. "पाण्याला माझी डायरी मान्य नाही," म्हणायच्या.

मी चार घरी काम करते. माझा दिवस कसा जातो, असं त्यांनी एकदा विचारलं तेव्हा मला सांगताच आलं नाही. मग त्यांनी कपाटातून एक डायरी काढली. साथीत सगळं बंद होतं त्या वर्षाची. मार्चपर्यंत भरलेली आणि पुढं पानंच्या पानं कोरी.

"या वर्षात काही झालंच नाही. तू वापर."

"बाई, मी चौथी शिकलेली. अक्षर लई वाईट आहे माझं."

"वाचायला कोण येतंय? लिही."

कुठलं घर किती वाजता, एवढंच मी लिहू लागले. लिहिल्यावर दिसलं की दुपारी दोन ते साडेतीन कुणाचंच घर नाही. तो वेळ इतकी वर्षं कुठं जात होता, कुणास ठाऊक. त्याच वेळेला जवळच्या समाजमंदिरात बायकांचा शिवणवर्ग भरायचा. लहानपणी गावाला, पिशोरला, मी शिंप्याच्या दुकानासमोर उभी राहून मशीनचं चाक बघत राहायचे. आई हाका मारायची तरी ऐकू यायचं नाही. शिवण शिकायचं तेव्हापासून मनात होतं, कुणाला बोलले नव्हते.

नाव द्यायची शेवटची तारीख अठरा. डायरीत अठराला गुरुवार होता. गुरुवारी मी इस्त्रीची साडी नेसून गेले. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "कालच संपलं की, ताई. आज एकोणीस."

बंदच्या वर्षातले वार यंदाला लागू पडत नव्हते. डायरीतला वार एक दिवस पुढं होता. ते माझ्या ध्यानात आलं नाही, आणि इतक्या काटेकोर बाईंच्याही नाही.

मी बाईंना हे सांगणार नव्हते, पण त्यांनी विचारून विचारून काढून घेतलंच. मग कितीतरी वेळ त्या झाडाकडंही बघेनात. शेवटी म्हणाल्या, "आण ती डायरी."

आठ दिवसांनी ती परत मिळाली. डिसेंबरपर्यंत प्रत्येक पानावरचा छापील वार काट मारून खाली बारीक अक्षरात खरा वार लिहिलेला. सगळं शाईनं. पुढच्या वर्गाची नावं ऑक्टोबरात घेणार होते. त्या पानावर पेन्सिलीनं होतं, 'सुमन – नाव देणे. मी सोबत.'

त्या दिवशी बाई गुडघे दुखत असताना आल्या. मॅडमना म्हणाल्या, "आधी हिचं नाव लिहा, गप्पा मग मारू."

त्याच गुडघ्यांमुळं मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. तो गाडी घेऊन येणार तो दिवस आणि वर्गाचा पहिला दिवस एकच निघाला. वेळही दोनचीच.

आदल्या दिवशी चहाच्या वेळेला मी म्हणाले, "तुम्हाला पोचवते. वर्गाला दुसऱ्या दिवसापासून जाईन."

"मला गाडीत बसवायला मुलगा आहे. तिथं तुझ्या जागेवर कोण बसणार?"

"तुम्ही जाताना मी नसले तर..."

"तर काय? रडायचं असंल तर आत्ताच घे रडून. साडेचारपर्यंत वेळ आहे."

मी रडले. त्यांनी चहा निम्मा माझ्या कपात ओतला.

वर्गात पहिल्या दिवशी दोरा देत नाहीत. रेघांचा कागद सुईखाली धरून नुसतं मशीन चालवायचं. भोकं रेघेवर पडली पाहिजेत. बाहेरच्या रस्त्यानं एकामागून एक गाड्या जात होत्या. त्यातली एक बाईंची असणार. मी मान वर केली नाही. पाय हलवत राहिले आणि सुई रेघेवरून, थोडी वर थोडी खाली, चालत गेली.