भाडेकरूचं सुतक

वरची खोली कोणालाही भाड्याने द्यायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. मुलं दंगा करतात, मुली फोनवर बोलत गच्चीत फेऱ्या मारतात, आणि नवरा-बायको आले की त्यांची भांडणं आपल्याला ऐकावी लागतात. "मग काय भुताला देशील का खोली?" असं आमचे हे म्हणायचे. एक दिवस सकाळी फिरून येताना ते एका उंच, काळ्याभोर पोरीला सोबत घेऊन आले. ही आफ्रिकेतून आली आहे, केळीच्या रोपांवर शिकते आहे, होस्टेलचं जेवण हिला सोसत नाही, हे सगळं त्यांनी फाटकातच एका दमात सांगून टाकलं. म्हणजे मला नाही म्हणायला फटच राहू नये. पोरीने हात जोडले आणि वाटेत पढवून आणलेलं वाक्य म्हटलं, "अक्का, मी भांडत नाही." मला हसू आलं. हसले तिथेच फसले. खोली गेली.

तिच्या देशाचं नाव लिहू नका असं तिनेच सांगितलंय. छोटा देश आहे, डोंगरांचा आणि केळीचा. आमच्या पिंप्राळ्यात येऊन तिला पहिला धक्का बसला तो हा, की एवढ्या केळीच्या मुलखात कोणी रोज केळं शिजवून खात नाही. ही हिरवी केळी राजम्याबरोबर शिजवायची आणि ताट भरून खाली आणून द्यायची. मी तोंड वाकडं करून खाल्लं, दुसऱ्या दिवशी वरून फोडणी घालून खाल्लं, मग मागून खाऊ लागले. आठवड्यातून दोन-तीनदा ती रावेरकडच्या बागांत जायची आणि बुटांना चिखल लावून घरी यायची. पायऱ्यांवर चिखल पडला की मी ओरडायची आणि ती वरून ओरडायची, "अक्का, पुसते ना!" सहा महिन्यांत तिचं मराठी असं झालं की भाजीवाला तिला बघून घाबरायचा. "हे काय भाव शे का?" असं ती त्याला दरडावायची. शिकवलं कोणी, ते सांगायला नको.

आपल्याकडे माणूस ओळखीचं झालं की पहिला प्रश्न एकच असतो. मीही विचारला. घरी कोण कोण आहे गं?

"आई."

"वडील?"

"मी लहान असताना आजारी पडून गेले."

"आणि मामा-बिमा?"

"चार होते." ती कणीक मळत होती, मळतच राहिली. "मामा, आजी, आजोबा. सगळे एकाच आठवड्यात मारले, अक्का. आई तेव्हा लहान होती. ती वाचली."

मला वाटलं चोर-दरोडेखोर. तसं नव्हतं. तिच्या देशात एका जातीच्या लोकांनी दुसऱ्या जातीच्या लोकांना, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना, घराघरांत शिरून मारलं होतं. सैन्य होतं, रेडिओवरून चिथावणी होती, सगळं होतं. पण हिच्या आजोळच्या दारात आला तो दोन घरं सोडून राहणारा माणूस. ज्याच्याकडे आजोबा विळा मागायला जायचे, तो. मी खाली आले आणि आमच्या ह्यांच्यावर उगाच खेकसले, की चष्मा पुन्हा फ्रिजवर का ठेवलात. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

पुढचं तिने हळूहळू सांगितलं. नंतर त्यांच्याकडे न्यायालयं भरली, मोठ्या शहरांत मोठी आणि गावात गावाची. गावाचं न्यायालय म्हणजे मोकळ्या मैदानात सगळा गाव बसलेला, मधे आरोपी. त्या माणसाने कबूल केलं. हो, मी मारलं. त्याला शिक्षा झाली, ती भोगून तो परत आला आणि पुन्हा दोन घरं सोडून राहू लागला. पण प्रेतं कुठे टाकलीस, हे तो सांगेना. दुसऱ्यांनी नेली असतील, मला आठवत नाही, एवढंच म्हणायचा. हिच्या आईने एकच धरून ठेवलं. दर रविवारी प्रार्थना झाली की ती त्याच्या दारात जाऊन उभी राहायची आणि विचारायची, माझी माणसं कुठे आहेत? तो म्हणायचा, आठवत नाही. ती घरी जायची. पुढच्या रविवारी परत.

"मला माहीत नव्हतं ना हे," पोरगी म्हणाली. "मी लहान होते तेव्हा तो मला पेरू द्यायचा. मी खायचे."

"मी असते तर त्याच्या तंगड्या तोडल्या असत्या," मी म्हटलं.

ती हसली. "आई म्हणते, तंगड्या तोडल्या तर जागा दाखवायला चालेल कसा?"

बाई काय आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिला पाहिलेलंही नव्हतं, पण मला ती आवडली.

गेल्या पावसाळ्यानंतर तो माणूस अंथरुणाला खिळला. बायको आधीच मेलेली, मुलं शहरात, कोणी येईना. आणि ही बातमी ऐकून आमच्या वरच्या खोलीत जे काही झालं ते बघण्यासारखं होतं. भांडी आपटली, दार आपटलं. 'मी भांडत नाही' म्हणणारी पोरगी फोनवर आईशी अशी भांडली की समोरच्या नानी गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. कारण काय, तर हिची आई त्या माणसाला रोज पेज करून नेऊन घालत होती. स्वतःच्या हाताने.

"तिला लाज वाटत नाही!" पोरगी मला म्हणाली. "माझ्या आजीला मारलं त्याने. त्याला मरू दे ना!" तिने आईचा फोन घेणं बंद केलं.

फोन वाजत राहायचा. एकदा ती तो माझ्या ओट्यावर विसरून गच्चीत कपडे वाळत घालायला गेली आणि तो वाजला. मी उचलला. का उचलला? आई आहे ती, दहा वेळा वाजवतेय, मला बघवेना. पडद्यावर डोक्याला फडकं बांधलेली, माझ्यापेक्षा थोडी लहान बाई. भाषा तिची मला येत नाही, माझी तिला नाही. दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसलो. मग तिने हातातलं पातेलं कॅमेऱ्यासमोर धरलं, म्हणजे हे बघ, पेज. मी तव्यावरची भाकरी वर करून दाखवली. ती "ओह्ह्" म्हणाली. मी ठेचा दाखवला आणि हाय हाय करून तिखट असल्याचं सांगितलं. तेवढ्यात पोरगी कपड्यांची रिकामी बादली घेऊन आत आली आणि आम्हा दोघींना पाहून थिजली.

"आता आलीसच तर बस," मी दरडावलं. "आणि विचार तिला, त्याला जेवू का घालतेस?"

तिने तोंड फुगवून विचारलं. आईने एकच वाक्य उत्तर दिलं. पोरीने हातातली बादली खाली ठेवली.

"सांग ना!"

"म्हणते, तो मेला तर मी कोणाला विचारू?"

घ्या! मला एवढं पटलं की मी तिथेच पोरीला झाडली. तुझ्या आईला त्याचा पुळका नाही आलेला, अगं, ती त्याला जिवंत ठेवतेय, कळतं का तुला? तिच्या माणसांची हाडं त्याच्या पोटात अडकलीत. तो गेला की हाडंही गेली, कायमची. पोरीने डोळे पुसले आणि विचारलं, "तुम्ही घातली असती पेज, अक्का?"

"मी? मी त्यात विष कालवलं असतं," मी म्हटलं. "म्हणून तर तुझ्या आईला मानते."

रडता रडता हसली ती. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावरून तिकडे फोन जायचा आणि आम्ही आधी एकच विचारायचो: बोलला का? नाही. जेवला का? हो. त्याची जीभ जड होत चालली होती. आज चार शब्द बोलला, आज दोनच. आमचे हे भाजी चिरता चिरता विचारायचे, "काय म्हणतो तो?" स्वतःच्या आजारी भावाची एवढी चौकशी केली नव्हती त्यांनी. एका खुन्याची वाचा टिकावी म्हणून मी देवापुढे दिवा लावला, यावर माझ्या माहेरच्या कोणाचा विश्वास बसणार नाही.

एक दिवस भरदुपारी फोन आला. पोरगी जिन्यातच ऐकत होती आणि एकेक वाक्य मला मराठीत सांगत गेली. त्या माणसाने पेज खाल्ली, भांडं बाजूला सारलं आणि हिच्या आईला म्हणाला, "माझी खाट बाजूला कर."

खाटेखाली. त्याच्याच घरात. आधी तिथे मोकळी जागा होती. त्यात खड्डा करून पुरलं आणि वर खोली बांधली. सांगितलं असतं तर घर पाडावं लागलं असतं, म्हणून सांगितलं नाही. बस, एवढंच कारण! कोणाची भीती नाही, पश्चात्ताप नाही, काही नाही. घर पाडावं लागेल! माझ्या हातातला चिमटा मी भिंतीवर फेकून मारला. आणि ती बाई इतकी वर्षं रविवारी त्याच्या दारात उभी राहून विचारत होती, तेव्हा तिची माणसं हाकेच्या अंतरावर आत होती.

सरकारची माणसं आली, पोलीस आले, खोदलं. सगळ्यात धाकट्या मामाच्या शाळेच्या पट्ट्याचं बक्कल मिळालं, त्यावरून आईने ओळखलं. आता त्या माणसावर प्रेतं लपवल्याचा नवा खटला भरणार होते, तो जगला तर.

"मग आता पेजेचं काय?" मी फोनवर विचारायला लावलं.

आई म्हणाली, "माझं काम झालं. आता त्याला सरकार जेवू घालेल."

हे मी नानींना सांगितलं तेव्हा त्यांचा थोडा विरस झाला. बाईने क्षमा केली असेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मी म्हटलं, नानी, क्षमा तुमची करा, तिला कशाला सांगता?

पण नानींच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. त्या म्हणाल्या, घरात मयत कळलंय, आणि आपण दारावर जायचं नाही का? मी म्हटलं, अहो, इतक्या वर्षांपूर्वीची मयत. त्या म्हणाल्या, मग काय झालं, ज्या दिवशी कानावर पडलं त्या दिवसापासून सुतक. परक्या गावात पोर एकटी, तिच्या दारात रडायला कोणी नको? आता नानींनी एकदा ठरवलं की संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलनीतल्या सात-आठ बाया डोक्यावरून पदर घेऊन आमचा जिना चढू लागल्या. मयताच्या घरी आमच्याकडे बाया पायरीपासूनच गळा काढतात. नानींनी अर्ध्या जिन्यातच "माय वं माय" म्हणून सुरुवात केली.

वर पोरगी दारात उभी. अंगात नवा ड्रेस, हातात पेढ्यांचा खोका, चेहरा हसरा.

नानींचा सूर तिथेच अडकला. पोरगी गोंधळून माझ्याकडे बघू लागली. "अक्का, सापडले ना ते? आमच्याकडे आनंदाचा दिवस असतो हा. इतके जण अजून सापडलेच नाहीत." मग तिने बायांचे पदर बघितले, तोंडं बघितली, आणि हातातला खोका ती पाठीमागे लपवायला लागली. मी पुढे होऊन तो धरला. नानींनी एक पेढा उचलून पदराच्या टोकाला बांधला, सुतकात खाता येत नाही म्हणून, आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

"आम्ही रडाले येल शेतस, पोरी," त्या म्हणाल्या. "रडू का?"

तिने मानेनेच हो म्हटलं.

"मंग नावं सांग. कोनं नाव लिसन रडानं?"

कोणाचं नाव घेऊन रडायचं, तर मामांची नावं तिला येत होती. आजीचं घरातलं हाकेचं नाव काही केल्या आठवेना. म्हणून तिने आईला फोन लावला आणि डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला. आई एकेक नाव सांगायची, पोरगी ते म्हणायची आणि बाया ते उचलायच्या. उच्चारांचं पार वाटोळं झालं. पण "मना भाऊ रे" असं म्हणून नानींनी जेव्हा त्या धाकट्या मामाचं नाव घेतलं, तेव्हा मी स्वतः हमसून रडले. माझा कोण होता तो? तरी रडले.

आई पडद्यावर तोंडावर हात घट्ट दाबून बसली होती. डोळे कोरडे. पोरगी घाबरली. तिने तिच्या भाषेत काहीतरी विचारलं, त्रास होतोय का, थांबवू का, असं असावं. आईने नाही म्हणून मान हलवली आणि हात थोडा बाजूला करून हळू आवाजात बोलू लागली. बाया फोनजवळ सरकल्या.

"आई म्हणते," पोरगी म्हणाली, "ते आले तेव्हा आजीने तिला केळीच्या पानांखाली लपवलं होतं. काही झालं तरी रडायचं नाही, असं सांगितलं होतं. तिला तिथून सगळ्यांचे आवाज येत होते. तेव्हा ती रडली नाही. मग नंतर कधी तिला जमलंच नाही."

आई परत काहीतरी बोलली. पोरीला ते सांगायला वेळ लागला.

"म्हणते, त्यांना म्हणावं, अजून मोठ्याने रडा. आता कोणी ऐकलं तरी चालेल."

नानींनी माझा हात पकडला आणि आम्ही मोठ्याने रडलो. रस्त्यावर रिक्षा थांबल्या असतील, थांबू देत. आणि त्या आमच्या आवाजात, डाळीच्या डब्याला टेकलेल्या त्या फोनमधून, पोरीच्या आईचा आवाज यायला लागला.