बोलायच्या बाईंची जात

नामांतराच्या दंगलीला तीन-चार वर्षं होऊन गेली होती. समाजकार्याचं शिक्षण संपवून मी परभणीच्या एका धर्मादाय दवाखान्यात नोकरीला लागले होते. समुपदेशक हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. डॉक्टर पेशंटला सांगायचे, "त्या बोलायच्या बाईंकडे जाऊन या."

एकदा मानवतकडच्या खेड्यातली एक बाई आली. चाळिशीची, मोठ्या बागायतदाराची सून. घास गिळत नव्हता, छातीत धडधडायचं. तपासण्यांत काही निघालं नव्हतं. खुर्चीवर टेकायच्या आधीच तिनं विचारलं, "बाई, तुमी कोनाच्या?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. भाड्याची खोली बघायला गेले तरी तो यायचाच. मी म्हणाले, "आम्ही बौद्ध."

तिचा चेहरा उतरला. पदर सावरत ती खाली बघू लागली. त्या दंगलीत माझ्या मामाचं घर जळालं होतं. तरी म्हणाले, "ताई, माझ्याशी बोलणं अवघड वाटत असेल तर तसं सांगा. ते आधी बोलू."

"इटाळाचं न्हाई हो," ती घाईनं म्हणाली. "तुमाला कोन्या तोंडानं सांगू, त्ये समजंना झालंय."

मग तिनं सांगितलं. त्यांच्या शेतावर कामाला येणारी एक बौद्ध बाई होती. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन त्या गावात आलेल्या. बांधावर बसून एकमेकींना सासरचं सगळं सांगायच्या. दंगलीत वस्तीवर जाळपोळ सुरू झाली तेव्हा ती लेकरं घेऊन हिच्या दारात आली. सासरे म्हणाले, दार लाव. हिनं लावलं. लेकरं वाचली, पण घर गेलं, आणि ती गाव सोडून देवगाव फाट्याला भावाकडे निघून गेली.

"सासऱ्याच्या म्होरं माजं काय चालतंय, बाई?"

"खरं आहे. घरात तुमचं चालत नव्हतं," मी म्हणाले. "पण दाराच्या आत तुम्ही होता आणि बाहेर ती होती. हेही खरंच आहे."

ती खूप रडली. डोळे पुसून तिनं विचारलं, "तुमाला राग येत न्हाई का आमचा?"

"येतो कधी कधी. पण तो सांभाळायला तुम्ही इथं आलेल्या नाहीत. तुम्हाला कधी कुणी जात विचारली?"

तिनं विचार केला. "न्हाई. आमाला कोन इचारतंय?" आणि मग हळूच, "मी मात्र आल्याआल्या इचारली."

त्यानंतर ती अधूनमधून येत राहिली. एके दिवशी म्हणाली, "तिच्याकडं जावं म्हनते. माफ करील का?"

"ते तिचं तिनं ठरवायचं. तुम्ही माफी मागायला जाऊ नका. सांगायला आणि ऐकायला जा."

घरात सांगूनच ती एसटीत बसली. सासरे चार दिवस बोलले नाहीत. परत आली तेव्हा मला म्हणाली, "अंगनातच उभं केलं तिनं. समदं बोलली. मी गप ऐकलं. निघताना पानी मागितलं. लय येळ बघत ऱ्हायली माज्याकडं, मग दिलं."

जेवण लगेच सुधारलं नाही. पण ती पुन्हा फाट्याला गेली, पुन्हा गेली. सहा-सात महिन्यांनी दवाखान्यात दोघी एकत्र आल्या. दुसरी उंच, काटक, धीट नजरेची. हिनं तिला माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "हिला झोप लागत न्हाई, बाई. मी चहा पिऊन येते तवर."

ती गेल्यावर दुसरी हसली. "लय बडबडती आता," म्हणाली, आणि स्वतःचं सांगायला लागली.