नापास तवा

येलहंक्यापासून बनशंकरीपर्यंत पसरलेल्या या अवाढव्य बेंगळुरूत आमच्या मामेसासऱ्यांनी ज्याचा तोंडावर अपमान केलेला नाही असा बिडाचा तवा आता शोधूनही सापडायचा नाही. माणसांचा अपमान ते कधी करत नाहीत. माणसांशी ते अतिशय मऊ बोलतात. रिक्षावाला त्यांचा अण्णा, भाजीवाली त्यांची अक्का, आणि मी, त्यांच्या भाचीचा नवरा, जावईबापू. पण ओतीव लोखंडाचं भांडं समोर आलं की या गृहस्थाच्या अंगात काहीतरी संचारतं. एका सरकारी कारखान्याच्या फाउंड्रीत त्यांनी उभा जन्म ओतलेला माल तपासण्यात घालवला. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने ओळखपत्र परत घेतलं, कपाटाची किल्ली परत घेतली, पिवळं हेल्मेटसुद्धा परत घेतलं. तपासायची खोड तेवढी त्यांच्याकडेच राहू दिली. ती त्यांनी घरी आणली आणि नातेवाइकांच्या स्वयंपाकघरांत मोकळी सोडली. याबद्दल त्या कारखान्याला कोणी जाब विचारत नाही याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

मामांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं. तिथे सुतळीचं एक भेंडोळं असतं आणि पायजम्याच्या खिशात एक बुटकी लाकडी हातोडी. आमच्या लग्नानंतर ते पहिल्यांदा बेळ्ळंदूरला आमच्या घरी जेवायला आले, तेव्हा चपला काढून थेट ओट्यापाशी गेले. पाणी घेतलं नाही, बसले नाहीत. माझ्या आईने पुण्याहून दिलेला बिडाचा तवा त्यांनी सुतळीला टांगला, हाताने तोलून स्थिर केला आणि हातोडीने हलकेच एक टोला दिला. तवा असा वाजला की शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनी आपलंच दार उघडून बघितलं. मामा डोळे मिटून उभे. आवाज पार विरेपर्यंत त्यांनी कोणाला बोलू दिलं नाही. मग म्हणाले, "ठण्ण वाजला तर अंगात तडा नाही. ठप्प वाजला तर कुठेतरी फुटलाय, तुम्हाला दिसो न दिसो. हा फार गोड आहे, जावईबापू. तुमच्या आईंना माझा नमस्कार कळवा." मी तो नमस्कार त्याच रात्री फोनवरून कळवला. आईला त्यापुढे महिनाभर दुसरा विषय नव्हता.

हे एवढ्यासाठी आधी सांगतो, की पुढे काय झालं ते वाचताना माझा संताप तुम्हाला अवाजवी वाटू नये.

मामांचे नियम मात्र विचित्र असले तरी पक्के होते, हे मला कबूल केलंच पाहिजे. गंजाला ते अजिबात भीत नाहीत. गंजून लाल झालेलं भांडं बघून आपण नाक मुरडतो, मामा म्हणतात, "हा रोग नाही हो, मळ आहे. घासा, धुवा, लगेच कोरडं करून तेल लावून तापवा. बाळंतपण केल्यासारखं करा, उठून बसेल." खड्डे पडलेले, तळाशी खरबरीत झालेले तवेही ते माफ करतात. पण तडा म्हटला की संपलं. तडा तापल्यावर पसरतो, त्यात अन्न अडकून कुजतं, आणि उकळतं तेल असताना कढई दुभंगली तर पायावर काय पडेल याचं ते असं वर्णन करतात की ऐकणाऱ्याने तळणच सोडावं. एकदा आमच्या सोसायटीच्या बाजारात एका मुलीने जुन्या कढया मांडल्या होत्या, 'विंटेज' अशी पाटी लावून. मामांनी एक उचलली आणि विचारलं, "हिच्यात आधी काय शिजवत होते?" ती म्हणाली, "अंकल, हंड्रेड पर्सेंट ऑथेंटिक आहे." मामा म्हणाले, "ते सरी, ठीक आहे. पण कोणी गॅरेजवाल्याने हिच्यात बॅटरीचं शिसं वितळवलं असेल तर? ते घासून जात नाही, सुतळीला टांगून कळत नाही. जिचा पूर्वेतिहास माहीत नाही तिच्यात फुलं लावा, जेवू नका." मग दुसऱ्या कढईवरचा काळा रंग नखाने खरवडून खालच्या तड्यात भरलेलं लुकण त्यांनी जमलेल्या गिऱ्हाइकांना दाखवलं. त्या मुलीचा त्या दिवशी एक नग खपला नाही. आमच्या लिफ्टमध्ये ती अजून माझ्याकडे बघत नाही.

आणि माझ्या मेव्हणीच्या लग्नातला प्रकार तर मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही. आचाऱ्यांच्या मांडवात मामांना एक छोटी जुनी कढई दिसली. बाहेर नादस्वर जोरात चालू, त्यामुळे ठण्ण की ठप्प काही ऐकू येईना. दुसरा कोणी असता तर जेवायला बसला असता. मामांनी सुतळीच्या मधोमध कढई बांधली, दोन्ही टोकं दोन तर्जन्यांना गुंडाळली आणि ती बोटं दोन्ही कानांत खुपसली. कढई पोटासमोर लोंबकळतेय, बोटं कानांत, डोक्याला पगडी, आणि मला हुकूम: "मारा, जावईबापू! फाउंड्रीत मशीनं धडधडत असली की आम्ही असंच ऐकायचो. सुतळीतून आवाज सरळ डोक्यात शिरतो!" वऱ्हाडी बघत होते. व्याही बघत होते. मी नवा सूट घालून कढईला टोला मारला. मामी तेवढ्यात तिथे आल्या आणि म्हणाल्या, "अय्यो, निदान पगडी तरी काढायची होती." कोणीतरी त्याचा फोटो काढलाय, आणि त्यात माझाही चेहरा आहे.

हे सगळं मी सोसलं. पण गेल्या वर्षभरात मामांचं डोकं फिरलंय असं मला वाटू लागलं. जो तवा हाती येईल तो नापास. आमच्या मेव्हणीने दुकानातून कोरा करकरीत तवा आणला, लेबलसुद्धा निघालं नव्हतं, नापास. मामांच्या खालच्या मजल्यावरच्या अक्कांची कढई नापास. "हल्ली मालच हलका येतो," मामा म्हणायचे, आणि दाराची बेल हलकी, टीव्हीचे स्पीकर हलके, कुकरची शिट्टी हलकी, असं एकेकाला झोडत सुटायचे. माणूस म्हातारपणी चिडका होतो, आम्ही म्हटलं, आणि ते यायचे असले की तवे माळ्यावर टाकायला लागलो.

त्या दिवशी मी विसरलो. आईचा तवा शेगडीवरच होता. त्यांनी टांगला, टोला दिला आणि लगेच मान हलवली. "ठप्प. यात तडा गेलाय." मी म्हटलं, मामा, हाच तवा तुम्ही पास केला होता. ते म्हणाले, "तेव्हा होता गोड. आता नाही. कोणी तापल्यावर गार पाणी ओतलं असेल." आमच्या घरात तापल्या तव्यावर गार पाणी! माझ्या आईच्या तव्यावर! माझ्या देखत त्यांनी त्याच्यावर खडूने फुली मारली, पिशवीत घातला आणि 'पुन्हा तपासतो' म्हणून बनशंकरीला आपल्या घरी घेऊन गेले. मी दारात हात हलवत उभा राहिलो. जावयाचा मान म्हणतात तो हाच असावा.

शुक्रवारी त्यांचा फोन आला. तवा पुन्हा नापास झाला होता आणि रविवारी सकाळी ते तो फोडणार होते. कारखान्याचा रिवाजच तसा: नापास माल तसाच ठेवायचा नाही, नाहीतर तो चोरपावलांनी परत चांगल्या मालात जाऊन बसतो, घणाने तुकडे करायचे आणि भंगारात द्यायचे. खालच्या अक्कांच्या कढईचे त्यांनी आधीच तुकडे केले होते, अक्कांच्या डोळ्यांदेखत. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "त्यांना विचार, मी तुम्हा तिघा भावंडांना त्याच्यावर जेवू घातलं, तेव्हा हे कुठे होते? तवा घेतल्याशिवाय परत येऊ नकोस."

रविवारी मी रिंग रोडच्या गर्दीत दीड तास उकळत बसलो आणि मामांना काय काय सुनवायचं ते मनात घोकत बनशंकरीला पोचलो. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मामा हॉलमध्ये खुर्चीत बसलेले मला खिडकीतून दिसत होते आणि ते ढिम्म हलले नाहीत. माझं माथं भडकलं. मामी आतून आल्या, दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "बरं झालं आलात. माझी डोशाची कावलीसुद्धा आज फोडणार म्हणतात. सासूबाईंची आहे हो ती."

गच्चीत फरशीवर तवा आणि कावली शेजारी शेजारी ठेवलेले, दोघांवर खडूच्या फुल्या, आणि भिंतीला टेकवलेला घण. मी मामांच्या हातातून सुतळी अक्षरशः ओढून घेतली. "मला दाखवा," मी म्हटलं, "माझ्यासमोर वाजवा. मला ऐकायचंय." मी तवा टांगला. मामांनी हातोडी मारली.

ठण्ण.

पहिल्या दिवशी वाजला होता तसाच, तितकाच स्वच्छ. मी तोंड उघडलं. आता माझी पाळी होती, आणि घोकलेलं सगळं जिभेवर तयार होतं. पण मामांनी मान हलवली आणि खाली वाकून घणाला हात घातला. "ऐकलंत? ठप्प," ते म्हणाले. त्यांचं बोलणं संपलं तरी माझ्या हातात तवा वाजतच होता.

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी मामींकडे बघितलं. त्यांचा हात तोंडावर गेला होता. बेल, टीव्ही, कुकर, सगळं त्यांच्याही डोळ्यांसमोरून त्याच वेळी गेलं असणार. आयुष्यभर ज्या कानांवर त्यांनी माल पास केला, नापास केला, त्या कानांना नापास कोणी करायचं? माझी छाती होईना. शेवटी मामीच पुढे झाल्या. त्यांनी माझ्या हातातून तवा घेतला, सुतळीची टोकं मामांच्या तर्जन्यांना गुंडाळली, अगदी त्या लग्नातल्यासारखी, आणि म्हणाल्या, "स्वल्प, जरा कानात घाला बघू."

"इथे कुठे मशीनं चालू आहेत?" मामा म्हणाले.

"घाला म्हणते ना."

मामांनी बोटं कानांत घातली. मामींनी हातोडी घेतली आणि मारली. मामांचे डोळे आधी मोठे झाले, मग मिटले. तवा वाजायचा थांबल्यावरही ते तसेच उभे राहिले, बोटं कानांत घालून. मग त्यांनी कावली मागितली. तीही ऐकली. डोळे उघडले तेव्हा ते आमच्याकडे बघत नव्हते, खालच्या मजल्याच्या जिन्याकडे बघत होते. "अक्कांची कढई," ते म्हणाले, आणि आत जाऊन खुर्चीत बसले. मला फार वाईट वाटलं. या माणसावर ओरडायला मी तेवढ्या लांबून आलो होतो.

आता त्यांच्या कानात यंत्र आहे. त्यातून सगळीच भांडी ॲल्युमिनियमसारखी वाजतात, असं म्हणून ते यंत्राला शिव्या घालतात. बेल मात्र त्यांना ऐकू येते. आईचा तवा माझ्या ओट्यावर परत आला. खडूची फुली पुसताना आईला फोनवर मी एवढंच सांगितलं, की फेरतपासणीत पास झाला.

मागच्या आठवड्यात मामा मला घेऊन पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात गेले. अक्कांना नवी कढई द्यायची होती. दुकानदाराने एकामागून एक कढया काढल्या. मामांनी हातानेच बऱ्याच बाजूला सारल्या: ही पातळ ओतलीय, हिला रंग मारलाय, हिचा कान तिरका आहे. त्यांचा आवाज चढला, दुकानदार चिडला, सगळं पूर्वीसारखं झालं आणि मला बरं वाटलं. मग एक कढई त्यांनी सुतळीला टांगली. यंत्र काढून खिशात ठेवलं, या वेळी बोटं कानांत न घालताच हातोडी मारली, आणि कढईकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"आवाज संपला?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"नाही मामा."

"खरं सांगा हं, जावईबापू. लोक जेवणार आहेत त्यातलं."

"वाजतेय अजून," मी म्हणालो. आणि कढई खरंच अजून वाजत होती.