सुळ्यामागचे दोन दात

धान ओलं आहे की वाळलेलं, हे मी चावून सांगतो. सांगायचो, असं लिहायला हवं, पण हात अजून तसं लिहू देत नाही. पोत्याच्या पोटातून चार दाणे काढायचे, एक उजवीकडे सुळ्यामागच्या दातांत धरायचा आणि हळूच दाबायचा. वाळलेला दाणा कट्‌कन तुटतो. ओला दाणा आधी दबतो, चपटा होतो, मग फुटतो. या दोहोंच्या मधे जे काही आहे, त्यावर माझं दुकान उभं राहिलं. ओलावा मोजायची मशीन बालाघाटच्या बाजारात सगळ्यांकडे आहे. माझ्याकडेही गल्ल्याखाली पडून असते. पण लांजीपासून रामपायलीपर्यंतचे शेतकरी माझ्याकडे यायचे ते दातासाठी. मशीनशी भांडता येत नाही, माझ्याशी भांडता यायचं.

ही विद्या मला कोणी दिली नाही. मी सायकलवर पोतं लादून गावोगाव मोहफूल विकत घ्यायचो, तेव्हा पहिल्या वर्षी लोकांनी मला मनसोक्त फसवलं. वर वाळलेलं, खाली ओलं. त्या वर्षी मी दोन गोष्टी शिकलो. पोत्यात हात कोपरापर्यंत घालायचा, आणि समोरच्याने सांगितलेल्या पहिल्या भावाला कधी हो म्हणायचं नाही. दुसरी गोष्ट मी इतकी पक्की शिकलो, की तिनेच मला बुडवलं.

झालं असं, की दिवाळीच्या शुभेच्छांचा फ्लेक्स चौकात लावायचा म्हणून आम्हा व्यापाऱ्यांचे फोटो काढत होते. माझी पाळी आली. फोटोवाला पोरगा म्हणाला, "सेठजी, मुंह बंद करके मुस्कुराइए ना."

सगळे हसले. मीही हसलो, तोंड बंद करून. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडून सहा वर्षं झाली होती, पण त्याचे डाग सुटले नव्हते. समोरचे दात पिवळे-काळे, कडेने झिजलेले, आखूड. ते आखूड का झाले, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. वय झालं, असं वाटलं. फ्लेक्स लागला, त्यात बारा जण दात दाखवत होते आणि मी एकटा ओठ मिटून, चोरी पकडली गेल्यासारखा. तो फ्लेक्स महिनाभर तिथेच होता. भरवेलीकडे जायला दुसरा रस्ता शोधावा इतका मला त्याचा राग आला.

म्हणून गोंदियाला गेलो. तिथे एका तरुण डॉक्टरचा दवाखाना होता, काचेचा दरवाजा, आत एसी. त्याने माझं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "काका, वरचे समोरचे सहा दात थोडे घासून त्यांच्यावर टोप्या बसवू. सिरॅमिकच्या. दातासारख्याच दिसतात."

काका म्हटल्यावरच माझं डोकं थोडं तापलं होतं. त्याने भाव सांगितला. मी म्हटलं, "याच भावात आठ."

"आठची गरज नाही, काका. सुळ्यांच्या मागचे दोन हसताना फारसे दिसत नाहीत. आणि ते चांगले आहेत."

"माझं हसणं मोठं आहे."

तो हसला. मी उठलो, दरवाजापर्यंत गेलो. हे मी हजार वेळा केलेलं आहे. पाठ फिरवून चार पावलं जायचं, पाचव्या पावलाला मागून हाक येते. हाक आली. "ठीक आहे काका, आठ."

मी जिंकलो. बसने परत येताना मी इतका खूश होतो, की शेजारच्या अनोळखी माणसालाही ते सांगितलं.

कोणते दोन दात मी फुकटात मागून घेतले, ते मला तेव्हा कळलं नाही. माणूस कुलूप रोज उघडतो, पण कोणत्या बोटाने किल्ली फिरवतो हे त्याला विचारलं तर सांगता येत नाही. तसंच ते होतं.

कळलं ते खुर्चीत. सहा दात घासून झाले होते. तोंड ताणून उघडं ठेवलेलं, आत नळी, कापूस, ओठ मेलेले. यंत्र उजवीकडे सरकलं, सुळ्याच्या मागे टेकलं, आणि त्याच क्षणी मला धानाचा दाणा आठवला. इथेच तर मी तो धरतो. मी ओरडलो, पण घशातून नुसता गुळगुळ आवाज आला. मी हात वर केला.

"दुखतंय का काका? एक सुई आणखी देतो."

मी मान हलवायला गेलो, तर त्या मदतनीस बाईने माझं डोकं दोन्ही हातांनी प्रेमाने धरलं. "बस्स काका, झालंच." आणि सुई आली. आयुष्यभर मी बोलून जगलो. बाजारात माझ्या तोंडाला लोक घाबरतात. त्या दिवशी माझ्याच तोंडात दुसऱ्याचे दोन हात होते आणि मला 'नाही' एवढंही म्हणता येत नव्हतं. नंतर त्याने आरसा दिला. माझ्या दातांच्या जागी आठ बारक्या खुंट्या होत्या, बकऱ्या बांधायच्या.

टोप्या आठवड्याने बसल्या. सुंदर होत्या, खोटं कशाला बोलू. बायको म्हणाली, "अवो, तुमी तर नवरदेव दिसून राह्यले." बाजारात चार जणांनी पत्ता विचारला. मी सगळ्यांना सांगितलं, आठ घ्या, डॉक्टर सहाच्या भावात देतो.

मग धान निघालं. रामपायलीचा एक म्हातारा शेतकरी दर वर्षी पहिलं पोतं माझ्याकडे आणतो. माझ्याइतकाच भांडखोर. मी दाणा काढला, उजवीकडे धरला, दाबला. कट्‌. चांगलं वाळलंय. पण हाताला तर ते ओल्या धानासारखं गार लागत होतं. दुसरा दाणा घेतला. कट्‌. माझ्या लक्षात आलं, की चिनीमातीवर सगळंच कट्‌ वाजतं. ओलं, वाळलं, खडा, काहीही. मी मागच्या दाढेवर दाणा नेला, तर तो तिथे घसरला. तिसरा घेतला.

म्हातारा बिडी विझवून माझ्याकडे बघत होता. "काहून सेठ? आज जेवून नाही आले का?"

"तोंड सांभाळ."

"मी तं सांभाळतोच. तुमचंच तोंड नवं दिसून राह्यलं." मग शांतपणे म्हणाला, "मशीन काढा ना सेठ. गल्ल्याखाली हाय, मले ठाऊक हाय."

मी मशीन काढली नाही. रागाच्या भरात त्याचं धान वाळलेलं म्हणून घेतलं, आणि ते ओलं निघालं. नुकसानाचं मला एवढं वाटलं नाही. त्याला कळलं होतं, आणि मला कळलं होतं की त्याला कळलं, हे मात्र लागलं. त्या दिवसापासून शेतकरी माझ्यासमोर पोतं सोडताना गल्ल्याखाली बघायला लागले.

महिन्याभरात एका सकाळी जिभेखाली काहीतरी टोचलं. थुंकलो तर पांढरी कपची. उजवीकडच्या त्याच दाताच्या टोपीचा कोपरा उडाला होता. मला वाईट वाटायच्या आधी आनंद झाला. आता भांडायला कारण होतं. मी बायकोला म्हटलं, "चल, साक्षीदार पाहिजे."

दवाखान्यात मी दरवाजापासूनच सुरू झालो. खोटा माल, कच्चा माल, गोंदियात तुला तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही. डॉक्टरने बोलू दिलं. मग मला खुर्चीत बसवून लांब दांडीचा आरसा घातला आणि मागच्या दाढा दाखवल्या. झिजलेल्या जात्याच्या तळीसारख्या सपाट.

"काका, तुम्ही झोपेत दातांवर दात घासता. खूप. समोरचे दात आखूड झाले होते ते त्यामुळे. मी तेव्हाच विचारायला हवं होतं. सकाळी जबडा दुखतो? डोकं जड असतं?"

"नाही," मी म्हटलं. दोन्ही व्हायचं. दुपारी दुकानात पोत्यावर बसल्या बसल्या मला डुलकी लागायची, तेही मी सांगितलं नाही.

त्याने माझ्या डोक्यावरून बायकोला विचारलं, "काकू, यांच्या झोपेत आवाज येतो का?"

माझी साक्षीदार म्हणाली, "येते ना. कराकरा. किती वर्षं झाले. मले वाटे, धान चावून राह्यले. दिवसा चावतात, तं रात्री बी चावतात, म्हणून काही बोलली नाही."

"आणि घोरणं?"

"घोरणं तं विचारूच नका. तोंड उघडं. मंधातच श्वास अडकते. मग मी जागी राहून मोजते. पंधरा, वीस. मग एकदम मोठा आवाज करून पुन्हा सुरू होते. तवा मी झोपते."

मी मान वळवून तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं ही बाई माझे श्वास मोजत होती आणि मला पत्ता नव्हता. "सांगितलं काहून नाही?" मी म्हटलं.

"सांगितलं असतं तं भांडले असते."

डॉक्टरने समजावलं, की अडकणारा श्वास आणि दात घासणं अनेकांच्यात सोबतच असतं. तोंड उघडं ठेवून झोपल्याने ते रात्रभर कोरडं पडतं, आणि लाळ कमी पडली की हिरड्या बिघडतात, कीड लागते. नागपूरला झोपेची तपासणी करून घ्या, म्हणाला. आणि रात्री दातांवर घालायची एक पारदर्शक पट्टी बनवून देतो.

मला सगळं नवा माल खपवणं वाटलं. मी म्हटलं, "तपासणी सोड, पट्टी सोड. सुळ्यांमागचे हे दोन दात मला होते तसे करून दे. दिसायला कसेही असू दे."

"नाही होणार, काका."

"भाव सांग."

"भावाचा प्रश्न नाही. घासलेला दात परत येत नाही. टोपी काढली तर खाली खुंटीच आहे."

मी उठलो. दरवाजापर्यंत गेलो. चार पावलं, पाचवं पाऊल. मागून हाक आली नाही. मी काचेला हात लावून उभा राहिलो, बाहेरचा रस्ता दिसत होता, आणि मला जाता येत नव्हतं, कारण जिथे जाईन तिथे हेच तोंड सोबत येणार होतं.

मी वळलो. "हे 'नाही' त्या दिवशी कुठं होतं?" माझा आवाज चढला होता. "मी आठ मागितले. मी गिऱ्हाईक आहे, मागणारच. तू डॉक्टर आहेस. द्यायचे का?"

त्याने हातातला आरसा पुसला. मग म्हणाला, "तुम्ही जात होता, काका. नवीन दवाखाना होता माझा."

हे उत्तर मला समजलं, आणि समजलं म्हणूनच मी त्याला माफ केलेलं नाही. मी स्वतः दरवाजाकडे निघालेलं गिऱ्हाईक तसं सोडलं नसतं.

त्याने टोपी फुकट बदलून देतो म्हटलं. मी येऊन पुन्हा खुर्चीत बसलो. मग त्याने डाव्या बाजूला आरसा फिरवला आणि सांगितलं, की सगळ्यात मागच्या एका दाढेला अजून थोडे उंचवटे शिल्लक आहेत. तिथे दाणा चावून बघा. पण असंच घासत राहिलात, तर तीही जाईल. बायकोने पदराच्या गाठीतून धानाचे दाणे काढले. ती धानाच्या बाजारातून येताना चाळा म्हणून नेहमी चार दाणे बांधून घेते. मी डावीकडे, अगदी मागे, एक दाणा कसाबसा नेला. दाबला. आधी दबला, मग फुटला. फार बारीक, भिंतीपलीकडून कोणी बोलावं तसं कळलं.

"ओला आहे," मी म्हटलं.

"कालच भिजला होता," बायको म्हणाली.

आता माझ्याकडे ती एकच दाढ आहे. शेतकऱ्यासमोर मी दाणा जिभेने मागे ढकलतो, वेळ लागतो, आणि तो गेल्यावर शटर अर्धं ओढून मशीनवर पडताळून बघतो. बहुतेक वेळा बरोबर निघतं. नागपूरची तारीख घेतली आहे. मी ती बदलून मागितली, दोनदा. तिसऱ्यांदा बायकोने फोन माझ्या हातातून घेतला.

आणि रोज झोपताना पट्टी. गार, जाड, ओठ पूर्ण मिटत नाहीत, शब्द फुटत नाहीत. घोरणं पट्टीने थांबत नाही, ते नागपूरवाले बघतील. पण दात दातावर येत नाहीत. बायको तिला मुसकं म्हणते. खळ्यावर मळणी करताना बैलाने धान खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधतात, ते मुसकं. बैल धानावरच गोल फिरत असतो, दिवसभर, आणि त्याला एक दाणा मिळत नाही. मी लहानपणी ते स्वतः बांधलेलं आहे. बैल मान झटकतो, मग सोडून देतो.

मी अजून झटकतो. रोज डबीतून पट्टी काढल्यावर मनात बायकोचा, त्या डॉक्टर पोराचा, त्या फोटोवाल्याचा हिशेब होतो. मग जीभ आपोआप डावीकडे मागे जाते, त्या दाढेचे उंचवटे चाचपते. आहेत. मी पट्टी घालतो. आणि मुसकं नीट बसलं, आता मला काही बोलता येणार नाही, हे बघून घेतल्यावरच बायको दिवसभराचं राहिलेलं सगळं सांगायला सुरुवात करते.