जाऊबाईंचं राळेचं मलम

तेलात विरघळलेली राळ अर्धी गाळून झाली होती, तेवढ्यात शेजारची सून दारात आली. तिचे गाल लालबुंद झाले होते. "काकू, तुमचं मलम लावल्यापासून नुसती आग होतेय."

माझ्या थोरल्या जाऊबाई वीस वर्षं हे मलम करतात. नवं मलम आधी स्वतःच्या मनगटावर लावायचं, तासभर थांबायचं, मगच डबी द्यायची, हा त्यांचा नेम. या वेळची राळ नव्या दुकानातली होती, पण नेम चुकला नव्हता.

"अगं, मला तर काहीच झालं नाही," त्या म्हणाल्या.

त्याच डबीतलं मलम मी माझ्या मनगटाला लावलं. एक जपमाळ पुरी व्हायच्या आत चरचरायला लागलं.

महिनाभर त्या तापलेलं पातेलं फडक्याशिवाय उतरवत होत्या. "बाईंना फडकं कशाला हवंय?" म्हणून मी हसायचे. देवा, मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी सुईचं टोक हळूच त्यांच्या मनगटाला टोचलं. जाऊबाई सुनेची समजूत घालत राहिल्या, त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

गाळणं तसंच झाकून ठेवलंय. सुनेला आणि जाऊबाईंना घेऊन डॉक्टरकडे निघाले आहे.